अंधार एक, आवाज तीन

१

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांच्या यादीत सिंधुदुर्गचेही नाव होते. भोंगा वाजवणे, दिवे मालवणे, माणसांना सुरक्षित जागी हलवणे असे त्या सरावाचे स्वरूप. ओरोसला, या कचेऱ्यांच्या गावात, त्या आठवड्यात ‘ब्लॅकआउट’ हा शब्द बऱ्याच वर्षांनी लोकांच्या बोलण्यात आला. वयस्कर मंडळींना लगेच १९७१ आठवले. खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले कागद, गाड्यांचे अर्धे काळे केलेले दिवे, ‘दिवा घालवा’ म्हणून खालून येणारी हाक. १९४२ मात्र कोणाला आठवले नाही.

वयाचा हिशेब पाहता हे स्वाभाविक आहे, असे कोणी म्हणेल. पण आपण न पाहिलेल्या पुष्कळ गोष्टी आपल्याला आठवतात. १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह आज हयात असलेल्यांपैकी फारसा कोणी पाहिलेला नाही, तरी तो इथल्या माणसाच्या आठवणीचा भाग आहे. ज्याची गोष्ट सांगितली गेली ते समाजाला आठवते. मग प्रश्न असा, की दुसऱ्या महायुद्धात मुंबईने आणि तिच्या आधाराने जगणाऱ्या या किनाऱ्याने विमानहल्ल्याच्या सावटाखाली जी वर्षे काढली, त्यांची गोष्ट मराठीत ठळकपणे का उभी राहिली नाही?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर सोपे आहे. मुंबईवर बॉम्ब पडलेच नाहीत, मग साहित्य कसले निर्माण होणार? हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. एक तर, न पडलेल्या बॉम्बची भीती हाही अनुभवच असतो. दुसरे, १४ एप्रिल १९४४ ला मुंबई खरोखरच हादरली, जळली. आपल्या मौनाचे कारण मला वेगळे वाटते. हल्ल्यात तगून राहिलेल्या शहराची गोष्ट सांगायला माणसे, आग आणि अंधार एवढेच पुरत नाही. ज्या घराचे रक्षण चालले आहे ते घर आपले आहे, अशी सांगणाऱ्याची खात्री असावी लागते. त्या काळच्या तीन रेडिओंच्या आधाराने हे तपासून पाहता येते.

२

आधी ज्यांनी ही गोष्ट सर्वांत प्रभावीपणे सांगितली, त्यांच्याकडे पाहू. ७ सप्टेंबर १९४० पासून ११ मे १९४१ पर्यंत जर्मन विमानांनी ब्रिटनच्या शहरांवर जो मारा केला त्याला ‘ब्लिट्झ’ म्हणतात. लंडनवर सुरुवातीला सलग सत्तावन्न रात्री बॉम्ब पडले. त्या काही महिन्यांत ब्रिटनमध्ये चाळीस हजारांहून अधिक नागरिक मारले गेले. घरच्या संरक्षणाची तयारी त्याआधीच सुरू झाली होती. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख माणसे, त्यांत मुख्यतः मुले, शहरांतून खेड्यांत हलवली गेली. १४ मे १९४० ला अँथनी ईडन यांनी रेडिओवरून स्वयंसेवकांना आवाहन केले आणि त्यातून पुढे ‘होम गार्ड’ या नावाने ओळखले गेलेले दल उभे राहिले.

साहित्याच्या अभ्यासकाला यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की ज्यांनी या दिवसांवर लिहिले त्यांच्यापैकी अनेक जण त्या व्यवस्थेतच काम करीत होते. एलिझाबेथ बोवेन लंडनमध्ये हवाई हल्ला वॉर्डन होत्या. त्यांच्या ‘द डेमन लव्हर’ (१९४५) या संग्रहातल्या कथांत बॉम्बपेक्षा रिकामी घरे, बंद खोल्या आणि भुतासारखा परत येणारा भूतकाळच अधिक आहे. हेन्री ग्रीन अग्निशमन दलात होते, आणि त्यांची ‘कॉट’ (१९४३) ही कादंबरी त्याच दलातल्या माणसांची आहे. जॉर्ज ऑर्वेल होम गार्डमध्ये सार्जंट होते.

या गोष्टीचे एक गोंडस रूपही तयार झाले. हम्फ्री जेनिंग्ज आणि हॅरी वॉट यांचा ‘लंडन कॅन टेक इट’ हा माहितीपट १९४० मध्येच निघाला. त्याचे निवेदन एका अमेरिकन पत्रकाराने केले, कारण तो अमेरिकन प्रेक्षकांसाठी होता. हसतमुख, शिस्तीचे, गरीब-श्रीमंत भेद विसरलेले लंडन त्याने जगाला दाखवले. अँगस काल्डर यांनी १९९१ मध्ये ‘द मिथ ऑफ द ब्लिट्झ’ या पुस्तकात हे चित्र कसे घडवले गेले ते उलगडून दाखवले. भुयारी रेल्वेची स्थानके निवाऱ्यासाठी उघडायला सरकार सुरुवातीला तयार नव्हते. लोकांनी तिकिटे काढून आत शिरून ती ताब्यात घेतली. ३ मार्च १९४३ ला बेथनल ग्रीन स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत १७३ माणसे मेली. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. चौकशीचा अहवाल बराच काळ प्रसिद्ध होऊ दिला नाही.

म्हणजे लपवाछपवी तिथेही होती. फरक असा, की तिथे लपवलेली गोष्ट पुढे बाहेर काढणारे लेखक, इतिहासकार, नातेवाईक उभे राहिले. गोंडस गोष्टीशी भांडायला आधी ती गोष्ट असावी लागते. आपल्याकडे भांडायलाही गोष्ट उरली नाही.

३

पहिला आवाज लंडनहून येत होता, आणि त्यात एका मराठी बाईचा आवाज होता. वेणू चितळे (जन्म १९१२) शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि युद्धकाळात बीबीसीत काम करू लागल्या. ऑर्वेल ऑगस्ट १९४१ मध्ये बीबीसीच्या पौर्वात्य विभागात आले. तिथे चितळे त्यांच्या सहकारी होत्या. ‘व्हॉइस’ या काव्यविषयक कार्यक्रमाच्या वेळचे १९४२ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, विल्यम एम्पसन, ऑर्वेल अशा मंडळींत चितळे बसलेल्या त्यात दिसतात. ऑर्वेल भारतासाठी युद्धाची वार्तापत्रे इंग्रजीत लिहीत. ती मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांत रूपांतरित होऊन प्रसारित होत. त्या मराठी प्रसारणात चितळे यांचा सहभाग होता.

त्यांचे दुसरे काम मला याहून बोलके वाटते. रेशनिंगच्या दिवसांत ब्रिटिश गृहिणींसाठी ‘द किचन फ्रंट’ हा सकाळचा छोटा कार्यक्रम होई. मांस, लोणी, साखर मोजून मिळत असताना चूल कशी चालवायची ते त्यात सांगत. चितळे यांनी त्यात भारतीय शाकाहारी पदार्थ सांगितले. बॉम्बच्या छायेतल्या लंडनला कमी जिनसांत चवीचे कसे रांधायचे हे एका मराठी बाईने सांगावे, यात गंमत आहे आणि थोडा विषादही. त्याच सुमारास भारतात काय चालले होते? १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग आले आणि बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली. बंगालच्या चुलीची वार्ता मात्र सकाळच्या कोणत्याही गोड कार्यक्रमात येण्यासारखी नव्हती.

ब्रिटनच्या धीराची गोष्ट मराठीत सांगूनही इथल्या श्रोत्याच्या मनात रुजली नाही. आधी रेडिओ होते किती घरांत, हा प्रश्न आहेच. पण खरे कारण ऑर्वेल यांनीच ओळखले होते. १९४३ मध्ये राजीनामा देताना, सध्याच्या राजकीय परिस्थितीत भारतात ब्रिटिश प्रचार करणे हे जवळजवळ निष्फळ काम आहे, असे त्यांनी स्पष्टपणे कळवले. ज्यांचे नेते तुरुंगात आहेत त्यांना स्वातंत्र्याच्या रक्षणाची कथा कशी पटणार?

आणि चितळे यांचे काय? त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी १९५० साली मुंबईत प्रसिद्ध झाली. बॉम्बहल्ल्यातले लंडन जवळून पाहिलेल्या लेखिकेच्या कादंबरीत आपण काय शोधू? भोंगा, भुयारी स्थानक, राखेने माखलेला रस्ता. ‘इन ट्रान्झिट’चा विषय मात्र पुण्यातल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्या हा आहे. काळ दोन महायुद्धांच्या मधला, पार्श्वभूमी राष्ट्रीय चळवळीची. युद्ध सुरू होण्याआधीच कादंबरी थांबते.

यावर दोन आक्षेप घेता येतात. कादंबरी इंग्रजीत आहे, त्यामुळे ती मराठी अनुभवाला परकी राहिली, हा एक. लेखिकेने हाताशी असलेला दुर्मीळ अनुभव वाया घालवला, हा दुसरा. पहिल्यात तथ्य आहे. मराठी वाचकापर्यंत ती पोचलीच नाही आणि आजही वेणू चितळे हे नाव आपल्या वाङ्मयेतिहासात शोधावे लागते. दुसरा आक्षेप मला चुकीचा वाटतो. लंडन जळताना पाहून आलेल्या माणसाला कोणते घर आठवले, हाच या कादंबरीचा अर्थ आहे. चितळे यांच्या लेखी मोडकळीला आलेले आणि नव्याने उभे राहू पाहणारे घर पुण्यातले होते. बोवेन यांना बंद खोलीत लंडन सापडले, चितळे यांना वाडा. ज्याला जे आपले वाटते, त्याच्याच पडझडीची कादंबरी त्याला लिहिता येते.

४

आता मुंबईकडे आणि या किनाऱ्याकडे येऊ. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले. ५ एप्रिलला कोलंबोवर आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम व काकिनाडा इथे जपानी बॉम्ब पडले. मुंबईत वॉर्डन नेमले गेले, वाळूच्या बादल्या आल्या, दिव्यांना काळे कागद लागले. अनेकांनी बायकामुले गावी पाठवून दिली.

गिरणगावातल्या कोकणी माणसासाठी ‘भोंगा’ हा शब्द नवा नव्हता. गिरणीचा भोंगा म्हणजे पाळी, पगार, चूल. त्याच शब्दाला आता मरणाचा अर्थ चिकटला. एकाच आवाजाने पोट आणि जीव दोन्हींची आठवण करून द्यावी, ही कथालेखकाला आयती मिळालेली गोष्ट होती.

ही माणसे आगबोटीने देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या बंदरांवर उतरली. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून किनारा गाठायचा. तेव्हा हा सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यात, सावंतवाडी संस्थान वेगळे आणि तेरेखोलच्या पलीकडे तटस्थ पोर्तुगालचा गोवा. ब्रिटनमधली मुले अनोळखी कुटुंबांत राहायला गेली. त्यामुळे त्यांची नोंद झाली, भत्ते ठरले, तक्रारी आल्या. शहरी गरिबीचे दर्शन खेड्यातल्या सुखवस्तू घरांना झाले आणि रिचर्ड टिटमस यांनी १९५० मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आपली माणसे आपापल्या घरी गेली. मालवणी बोलीत सांगायचे तर ‘गावाक गेली’, इतकेच. स्थलांतराला गावी जाणे हे नाव मिळाले की त्याची नोंद कोणी ठेवत नाही. सरकारने करायचे काम पडवीने, भाताच्या कणगीने आणि थोरल्या जावेच्या हातांनी केले. २०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी परत आला तेव्हाही हेच घडले. संकटात कोकणातले घर हे मुंबईचे निवारागृह असते, ही गोष्ट गृहीत धरल्यामुळेच आपल्या कथेत ती क्वचित विषय होते.

लेखक त्या वर्षी काय लिहीत होते? १९४२ साली कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ आला, वि. स. खांडेकरांची ‘क्रौंचवध’ आली, बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ आली. शिरोड्यात अठरा वर्षे शिक्षक म्हणून राहिलेल्या खांडेकरांनी ‘विशाखा’ प्रसिद्ध करण्यासाठी पुढाकार घेतला होता. ‘विशाखा’त आग आहे, पण ती क्रांतीची. ‘क्रौंचवध’चा ध्येयवादी तरुण देशकार्याला वाहून घेतो. १९४२ म्हणजे मराठी मनाला ९ ऑगस्ट आणि गवालिया टँक. ज्या वर्षाला असा अर्थ मिळाला, त्या वर्षी दिवे मालवा म्हणून सांगणारा वॉर्डन कथेचा नायक होणे अवघड होते. तो शेजारीच असला, कनवाळू असला, तरी त्याच्या बाहीवरची पट्टी सरकारची होती.

दुसरा आवाज याच अंधारातला. ऑगस्टच्या अखेरीपासून १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालला. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत ४२.३४ मीटरवरून बोलत राहिले. चिमूर-आष्टीच्या अत्याचारांची बातमी त्याने दिली. चितगावच्या बॉम्बहल्ल्याची बातमीही आपणच आधी दिली, असे उषाताईंनी पुढे सांगितले आहे. भारतीय माणसावर पडलेल्या बॉम्बची बातमी भारतीय माणसाला द्यायला चोरून चालवलेला रेडिओ लागला. ज्या दिवेबंदीचा हेतू जपान्यांपासून शहर लपवणे हा होता, त्याच काळात हे तरुण सरकारपासून स्वतःला लपवत होते. ‘हल्ला कोणापासून?’ या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच शहरात नांदत होती. ब्लिट्झच्या लंडनला हा दुभंग माहीत नव्हता.

५

तिसरा आवाज शत्रूचा. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर आग लागली. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि त्यांच्याबरोबर कापसाच्या गाठी होत्या. चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अनेक जहाजे नष्ट झाली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या, हजारो माणसे बेघर झाली. मृतांची संख्या आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगितली जाते. आग विझवताना ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

शहरात पहिला समज झाला तो जपानी विमाने आली हाच. दोन वर्षे ज्याची तालीम केली ते शेवटी झाले, पण विमानाशिवाय. आणि ही बातमी सविस्तर प्रथम कोणी दिली? दुसऱ्या दिवशी, जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. सेन्सॉरने वार्ताहरांना तपशील पाठवू दिले ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात. लंडनच्या आगीचे चित्रण करून जगाला दाखवले गेले, मुंबईची आग मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिली तरी छापता आली नाही. ज्या शहराच्या धीराचे कौतुक करायला राज्यकर्त्यांजवळ शब्द नाहीत आणि दुःख सांगायला वर्तमानपत्राला परवानगी नाही, त्या शहराची गोष्ट अफवा म्हणूनच जगते. अफवेला कादंबरी व्हायला वेळ लागतो. कधी कधी ती होतच नाही.

इथे मर्ढेकरांचे नाव पुढे केले जाईल आणि ते योग्यच आहे. ‘काही कविता’ (१९४७) मधले पिंपात मेलेले उंदीर, यंत्रांच्या तालावर जगणारी माणसे, स्वस्त झालेले मरण हे सारे युद्धोत्तर जाणिवेचे आहे, असे आपली समीक्षा सांगत आली आहे. मला ते मान्य आहे. पण या मान्यतेने एक गैरसमजही रुजवला. युद्धाचा परिणाम म्हटले की आपण थेट मानवी मूल्यांच्या ऱ्हासाकडे, एकाकीपणाकडे जातो. मधली पायरी गाळतो. मर्ढेकरांच्या कवितेत चिरडलेला माणूस आहे, पण शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून ‘दिवा घालव’ म्हणणारा माणूस नाही. बादलीतली वाळू, रेशनची रांग, गावाहून आलेले ‘पोरं कशी आहेत’ हे पत्र नाही. ही मर्ढेकरांची उणीव नव्हे. त्यांचे शहर परक्या राज्यातले होते. जिथे नागरिक म्हणून जगण्याची जागाच नाही, तिथे कवीला जंतू आणि उंदीर दिसतात. नवसाहित्याची निराशा आपण पश्चिमेच्या प्रभावातून समजावून घेतो. ती या नागरिकत्वाच्या पोकळीतूनही समजावून घ्यायला हवी, असे मला वाटते.

१९६५ आणि १९७१ च्या दिवेबंदीच्या आठवणी लोक उत्साहाने सांगतात, याचे कारणही इथेच आहे. तेव्हा काळा कागद आपल्या सरकारने लावायला सांगितला होता.

६

या उत्साहाचीही पारख मात्र करायला हवी. घर आपले असणे ही गोष्ट सांगण्याची पहिली अट आहे, शेवटची नव्हे. काल्डर यांच्यासारखा टीकाकार ब्रिटनला पन्नास वर्षांनी का होईना मिळाला. त्याने आपल्याच घराची गोंडस गोष्ट सोलून पाहिली. आपण परक्या राज्याच्या काळात गप्प राहिलो हे समजण्यासारखे आहे, पण आपल्या राज्यातही नुसता जयजयकार करून थांबलो तर ते दुसऱ्या प्रकारचे मौनच होईल. मे २०२५ च्या त्या दिवसांत दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर खऱ्याखोट्या बातम्यांची किती सरमिसळ झाली, ते सर्वांनी पाहिले. १९४२-४४ च्या श्रोत्यासमोर तीन आवाज होते आणि कोणता कशासाठी बोलतो आहे हे त्याला कळत होते. आज आवाज असंख्य आहेत आणि ते ओळखण्याची सवय आपल्याला कमी आहे.

साहित्याकडून अपेक्षा आहे ती इथे. रेडिओ कोणत्या बाजूचा हे सांगणे त्याचे काम नाही. कोणत्याही रेडिओवर जे ऐकू येत नव्हते ते त्याने सांगावे. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये मालवणच्या बंदरात पडावातून उतरलेली ती बाई, कडेवर मूल, डोक्यावर ट्रंक, नवरा मुंबईत पाळीवर. पुढची दोन-तीन वर्षे ती सासरच्या पडवीत कशी राहिली, पैशाच्या मनिऑर्डरीला उशीर झाला की तिच्या मनात काय येई, गोदी जळाल्याची बातमी तिला किती दिवसांनी आणि कोणाच्या तोंडून कळली? या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांच्या जुन्या पेट्यांत त्या वर्षांची पत्रे आणि मनिऑर्डरीच्या पावत्या असतील. त्या वाळवीच्या हाती जाण्याआधी कोणीतरी उघडायला हव्यात. दिवेबंदीच्या त्या वर्षांची मराठी कादंबरी तिथूनच सुरू होऊ शकते.